लसूण पिकतो, पण टिकत का नाही?

कोकणात लसूण टिकत नाही, हे मत आमच्या भागात इतके रूढ झाले आहे की, ते एकदा तपासून पाहावे असेही कोणास वाटत नाही. खांब, कोलाड, नागोठणे या बाजूस भात निघाल्यावर परसात लसणाचे दोन-चार वाफे लावावेत, होळीच्या सुमारास ते उपटावेत, पडवीत ढीग घालावा, आणि मृगाचा पाऊस लागून महिना होतो न होतो तोच निम्मे गड्डे मऊ पडले अथवा कोंब फुटून पोकळ झाले म्हणजे हवेला दोष देऊन बाजाराची वाट धरावी, असा हा क्रम आहे. आमचे म्हणणे असे की, दोष हवेचा थोडा आणि आमच्या हयगयीचा अधिक आहे. लसूण बिघडतो तो आषाढात. परंतु बिघडण्याचे बीज पडते ते फाल्गुनात, काढणीच्या आगेमागे जो एक महिना जातो त्या महिन्यात. चार महिने जपलेल्या पिकाकडे आम्ही नेमक्या त्याच वेळी पाठ फिरवितो.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. दोन वाफ्यांच्या लसणाचे ते काय, असे पुष्कळ जण म्हणतील. त्यांनी बाजारभावाचा विचार करावा. 2023-24 च्या हिवाळ्यात आणि पुन्हा 2024 च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या किरकोळ बाजारात लसूण किलोमागे 400 रुपयांच्या घरात गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यातील मर्म असे की, नवा माल निघतो त्या फाल्गुन-चैत्रात भाव बहुधा उतरलेला असतो आणि कार्तिक ते पौष या काळात, म्हणजे जुना माल सरत आला व नवा अद्याप जमिनीत आहे अशा वेळी, तो चढतो. म्हणजे लसणाची किंमत पिकविण्याला जितकी आहे त्याहून टिकविण्याला अधिक आहे. चैत्रात आपल्या घरी लसूण असणे ही काही मोठी मिळकत नव्हे. दिवाळीत असणे ही खरी मिळकत होय.

आता किती जागेत किती पीक, याचा हिशेब मांडू. लसणाच्या पाकळ्या ओळीत 10 सेंटिमीटर व दोन ओळींत 15 सेंटिमीटर अंतराने टोचल्या असता एका चौरस मीटरात सुमारे 65 रोपे बसतात. आमच्याकडील गड्डा देशावरील गड्ड्याएवढा भरत नाही, कारण लसणास जी थंड रात्र हवी ती समुद्राजवळच्या प्रदेशात थोडे दिवसच मिळते. तरीही गड्डा सरासरी 15 ग्रॅमचा धरला, तर चौरस मीटरास किलोभर माल येतो. पाव गुंठा जागेतून बांध, पाट व मेलेली रोपे वजा जाता 18 ते 20 किलो लसूण मिळण्यास हरकत नसावी. मध्यम कुटुंबाची वर्षाची गरज व पुढील लागवडीचे बी, दोन्ही यात भागतात. मंदसौर-नीमचच्या बाजारपेठांशी स्पर्धा करा, असे आम्ही सांगत नाही. देशातील निम्म्याहून अधिक लसूण एकट्या मध्य प्रदेशात पिकतो, आणि तेथील हवा व जमीन आम्हांस मिळावयाची नाही. आमचा आग्रह इतकाच की, जो लसूण आपण पिकवितोच तो कुजू देऊ नये.

काढणीची पहिली पायरी कुदळ हाती घेण्याची नसून पाणी तोडण्याची आहे. लागवडीपासून सुमारे 120 ते 135 दिवसांत पीक तयार होते. पातीचे शेंडे पिवळे-तपकिरी होऊन माना लवू लागल्या की पीक तयारीला आले असे समजावे. परंतु काढणीपूर्वी पंधरा दिवस वाफ्यास पाणी मिळता कामा नये. येथेच रोहा तालुक्यातील पुष्कळ शेतांची अडचण आहे. भिरा येथील वीजगृह 1927 मध्ये सुरू झाले, आणि मुळशीच्या धरणाचे पाणी वीज करून झाल्यावर कुंडलिकेत येऊ लागले. डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी हेच पाणी उन्हाळी भातास मिळते. या पाण्याचे उपकार मोठे आहेत. परंतु ज्या वाफ्याच्या शेजारी उन्हाळी भात उभे आहे किंवा ज्याच्या वरून पाट वाहतो, त्या वाफ्याचे पाणी तोडू म्हटले तरी तुटत नाही. पाट बंद केला तरी झिरप चालूच राहतो. असा लसूण वरून पिवळा दिसतो, पण मान जाड व ओली राहते, आणि ओल्या मानेचा गड्डा टिकत नाही. म्हणून लसणाची जागा निवडतानाच काढणीचा विचार व्हावा. घराजवळची उंच, निचऱ्याची जागा किंवा गादीवाफा या पिकास द्यावा. भाताच्या खाचराची ओलसर कड देऊ नये.

काढणी केव्हा करावी, याविषयी दोन्ही बाजूंनी चुका होतात. बाजारभाव पाहून किंवा घरात लागतो म्हणून लवकर उपटलेला गड्डा भरलेला नसतो. त्याचे पापुद्रे कोवळे असतात व तो वाळताना सुरकुततो. उलटपक्षी, वाल झोडणे, शेणखत टाकणे, लग्नकार्य इत्यादी कामांत गुंतल्यामुळे पंधरवडाभर जमिनीत राहिलेल्या गड्ड्याचे वरचे पापुद्रे कुजतात, पाकळ्या सुट्या होऊन फाकतात आणि कित्येकांस जमिनीतच कोंब येतो. लसणाची प्रत्येक पात म्हणजे खाली गड्ड्यावरचा एक पापुद्रा असतो. सगळी पात वाळून जाईपर्यंत थांबणे म्हणजे गड्ड्याची वस्त्रे एकामागून एक उतरवून घेण्यासारखे आहे. सोपी परीक्षा अशी : दोन-तीन ठिकाणचे गड्डे उपटून आडवे कापावेत. पाकळ्या भरून आवरणास चिकटून बसल्या असतील व प्रत्येक पाकळीस स्वतःची साल आलेली असेल, तर दुसऱ्याच दिवशी काढणी धरावी.

भाताच्या जमिनी वाळल्यावर कठीण होतात, त्यामुळे पात धरून ओढल्यास मान तुटून हातात येते. मानेपाशी तुटलेला गड्डा साठवणीस निरुपयोगी होतो. अशा वेळी पाणी देऊन जमीन मऊ करण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळावा, कारण पंधरा दिवसांच्या पथ्यावर एका दिवसात पाणी पडते. कुदळीने किंवा खुरप्याने बाजूची माती सैल करून गड्डा उचलावा. मग तो दगडावर आपटून माती झाडू नये, आणि धुवावयाचा तर मुळीच नाही. आपटलेल्या जागी बाहेरून काही दिसत नाही, पण आतील पाकळी दबते आणि पावसाळ्यात काळी व निळी बुरशी प्रथम तेथेच धरते. गड्ड्यांची डालगी घरी आणताना फेकाफेक होऊ नये, यासाठी अंड्यांची टोपली नेतो तितक्या काळजीने ती न्यावी, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

यापुढील काम म्हणजे वाळवणी. वाळवणी याचा अर्थ पाकळ्यांतील रस आटविणे असा अनेकजण करतात, आणि मिरच्या-कोकमाप्रमाणे लसूण उन्हात पसरतात. हा समज चुकीचा आहे. आतील पाकळी टवटवीतच राहावयास हवी. वाळावयास हवी ती मान, मुळे आणि बाहेरचे पापुद्रे. मान वाळून घट्ट मिटली म्हणजे आतला ओलावा बाहेर जात नाही व बाहेरची बुरशी आत शिरत नाही. गड्ड्याचे दार बंद करण्याची ही क्रिया आहे. यासाठी काढलेला लसूण दोन-तीन दिवस वाफ्यावरच अशा रीतीने मांडावा की, पहिल्या ओळीच्या गड्ड्यांवर दुसऱ्या ओळीची पात येईल. फाल्गुनातील ऊन उघड्या गड्ड्यास भाजून काढते. पातीची सावली ते टाळते. मात्र कोकणात एक गोष्ट देशाहून वेगळी आहे, ती म्हणजे रात्रीचे दव. दिवसा वाळलेला माल रात्री पुन्हा ओला झाला, तर दिवसाची मेहनत फुकट जाते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी माल पडवीत घ्यावा किंवा पेंढ्याने झाकावा, आणि दव उडाल्यावर पुन्हा उघडा करावा. आभाळ भरून आले असेल तर शेतातील वाळवणी सोडून पहिल्या दिवसापासूनच माल आत आणावा.

त्यानंतर पंधरा-वीस गड्ड्यांची जुडी पातीसह बांधून सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी दहा ते पंधरा दिवस टांगावी. पात लगेच छाटू नये. मान चुरगळल्यास कोरड्या गवतासारखी वाजली आणि मुळे ठिसूळ झाली, म्हणजे वाळवणी पुरी झाली. मुळे कापावीत, पात मात्र ठेवावी, कारण टांगण्याची दोरी तीच आहे. या वेळी फाटलेले, मऊ, तुटक्या मानेचे गड्डे निवडून वेगळे करावेत व तेच प्रथम खाण्यास काढावेत. चांगले गड्डे आधी खाऊन वाईट साठविण्याची जी रीत कित्येक घरांत आढळते, तिच्यामुळे सर्व साठा नासतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आमच्या आज्या-पणज्या लसणाच्या जुड्या चुलीवरच्या दांडीला टांगीत. त्या धुरकट, काळसर जुड्यांतील लसूण दसऱ्यानंतरही खाण्याजोगा निघे. धुराने बुरशी व किडे दूर राहत, हे खरेच. परंतु त्याहून मोठे कारण ऊब हे होते. आषाढ-श्रावणात आमच्याकडील हवेत ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो. हवा तापली म्हणजे तिची ओलावा घेण्याची शक्ती वाढते, आणि चुलीवरची हवा दिवसातून दोन-तीन वेळा तापत असल्यामुळे भर पावसातही घरातील तो एक कोपरा कोरडा राही. लसूण 25 ते 30 अंश उष्णतेच्या व 60 ते 70 टक्के ओलाव्याच्या हवेत काही महिने राहतो. ती हवा चुलीने आपोआप पुरविली होती. पुढे गॅस आला. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरिबांच्या घरीही पोहोचविला. हे उत्तमच झाले. घरातील स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे जाळून लसूण टिकवावा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु चूल गेली तेव्हा तिच्याबरोबर घरातील कोरडा कोपराही गेला, ही गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही. चूल जी सोय न सांगता करीत होती ती आता आपण समजून-उमजून केली पाहिजे. लसूण टिकेनासा झाला याचे एक मोठे कारण आमच्या मते हेच आहे.

घरांची छपरेही बदलली. कौले जाऊन सिमेंटचे स्लॅब आले, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील हजारो घरांची छपरे उडाल्यावर कित्येकांनी कौलांऐवजी पत्रे घातले. पत्र्याखालचा पोटमाळा कोरडा असतो म्हणून तेथे लसूण टांगण्याकडे कल होतो. पण चैत्र-वैशाखात तेथे जी उष्णता साचते तिने पाकळ्या पिवळट, मेणचट व अर्धपारदर्शक होतात. म्हणून पावसापूर्वी जुड्या पत्र्याच्या लगत न ठेवता खाली, भिंतीपासून हातभर दूर, समोरासमोर खिडक्या असलेल्या खोलीत टांगाव्यात. पाऊस लागल्यावर त्या स्वयंपाकघरातील उंच दांडीवर, शेगडीच्या थेट वाफेत येणार नाहीत अशा बेताने, हलवाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी, बंद डबा, जमिनीवरची गोणी ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य समजावीत. शीतकपाटात ठेवणे हाही उपाय नव्हे : गोठणबिंदूजवळच्या थंडीत लसूण झोपतो, पण घरगुती शीतकपाटातील मध्यम थंडीने तो जागा होऊन त्यास कोंब फुटतात. दर पंधरवड्यास जुड्या चाचपून मऊ गड्डा काढून टाकावा, आणि भाद्रपदात उघडीप पडली की त्या दिवसभर वाऱ्यावर धराव्यात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, इतका खटाटोप करण्यास मनुष्यबळ कोठे आहे? आमचे उत्तर असे की, कोकणातील गृहिणीस आगोट भरणे कोणी शिकवावयास नको. सुकट, बोंबील, सोडे, कोकम, पापड, मिरची यांची पावसाळ्यासाठी बेगमी ती दरवर्षी करतेच. लसणाची वाळवणी हा त्याच आगोटीचा एक भाग आहे. तो निराळा उद्योग नव्हे. पावसाळ्यात सुक्या मासळीचे कालवण होते तेव्हाच लसूण अधिक लागतो, आणि नेमका तेव्हाच घरचा लसूण संपलेला असतो. मात्र एक गोष्ट आमच्या कृषक बंधूंनी प्रामाणिकपणे कबूल करावी. जागा कोणती, पाणी केव्हा तोडावयाचे, काढणी कोणत्या दिवशी, हे सर्व पुरुष ठरवितात; आणि माल नासला म्हणजे ठपका घरातील स्त्रियांवर येतो. ओल्या मानेचा लसूण हाती देऊन तो दिवाळीपर्यंत टिकवा म्हणणे अन्यायाचे आहे. घर बांधताना अथवा छप्पर घालताना साठवणीची एक हवेशीर दांडी करून देणे हे घरधन्याचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा की, समुद्रकाठच्या हवेत हे प्रकार चालावयाचे नाहीत. त्यांनी शेजारच्या अलिबाग तालुक्याकडे पाहावे. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाघ्रण या गावांत भातानंतर पांढरा कांदा घेतात. त्याची हवा आमच्यापेक्षा समुद्राला अधिक जवळची. परंतु तेथील शेतकरी कांदा काढून थांबत नाहीत; तो पातीसह वाळवून त्याच्या माळा विणतात व माळेनेच विकतात. वाळविणे व विणणे हा तेथे पिकाचाच भाग मानला जातो. या कांद्याच्या भौगोलिक मानांकनासाठी 2019 मध्ये अर्ज झाला, पुढे ते मानांकन मिळाले, आणि आज ती माळ हीच त्या मालाची ओळख आहे. एका तालुक्यास जे जमते ते लगतच्या तालुक्यास का जमू नये? लसणाची पात तर माळ विणण्यास कांद्याच्या पातीइतकीच सोयीची आहे.

बियाण्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. लसणास बी धरत नाही; पाकळी हेच बी. त्यामुळे पाकळीतील रोग व कोळी पुढच्या पिकात जसेच्या तसे उतरतात. घरचा लसूण संपला म्हणून बाजारातील मोठ्या पाकळीचा माल आणून लावणारे आपण कोणता रोग विकत आणतो याचा विचार करीत नाहीत. चीनमधून येणाऱ्या लसणावर 2014 मध्ये बंदी घातली गेली ती रोगाच्या भयानेच. तरीही तो चोरट्या मार्गाने बाजारात येत असल्याच्या बातम्या 2024 मध्ये झळकल्या. उलट, जो गड्डा आपल्याच घरात, आपल्याच पावसाळ्यातून कार्तिकापर्यंत घट्ट राहिला, त्याने आपली परीक्षा दिली आहे. त्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्या बी म्हणून ठेवाव्यात. मिश्र बियाण्यातून टिकाऊ वाण अशा रीतीने दरवर्षी थोडा थोडा निवडला जातो. पाव गुंठ्यास सव्वा ते दीड किलो पाकळ्या पुरतात. नवीन वाण घ्यावयाचेच असतील तर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे वाण खात्रीच्या ठिकाणाहून आणून एका वाफ्यात पारखावेत, आणि आपल्या हवेत कोणता टिकतो ते पाहून मगच वाढवावेत.

शेवटी आमची एक सूचना आहे. कोकणात लसूण टिकत नाही, हे मत खरे की खोटे, याचा निकाल वादाने लागणार नाही. तो तराजूने लागेल. येत्या फाल्गुनात प्रत्येक सभासदाने नीट वाळविलेल्या आपल्या लसणातील सारख्या आकाराचे 90 गड्डे निवडावेत व त्यांचे तीन भाग करावेत. 30 गड्डे नेहमीच्या रीतीने गोणीत ठेवावेत. 30 पात कापून उघड्या टोपलीत. आणि 30 पातीसह जुडी बांधून वर सांगितल्याप्रमाणे टांगावेत. तिन्हींचे वजन ठेवण्याच्या दिवशी, गणेशचतुर्थीस व दसऱ्यास करावे, आणि किती गड्डे मऊ पडले, किती फुटले, हे मोजून या मासिकाकडे कळवावे. सोबत घराचे छप्पर कशाचे व वाफा पाटाच्या वर की खाली, इतके लिहावे. आलेल्या आकड्यांचा गोषवारा आम्ही प्रसिद्ध करू, आणि तो घेऊन दापोलीच्या कृषि विद्यापीठास कोकणातील घरगुती साठवणीचे रीतसर प्रयोग करण्याची विनंती करता येईल. शास्त्रज्ञांपुढे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा मोजमाप घेऊन गेलेले बरे.

कार्तिकात पाकळी टोचताना ती घरच्या जुडीतील आहे की बाजारातील पुडीतील, एवढ्या एका गोष्टीवरून मागच्या फाल्गुनात आपण काय केले याचा हिशेब लागतो. यंदाची लागवड बाजारच्या बियाण्याने झाली असेल तर हरकत नाही. परंतु वाफ्याचे पाणी तोडण्याची तारीख मात्र आजच भिंतीवरील पंचांगात लिहून ठेवावी.